मेमरीचा ताळा

(आइंडहोव्हन येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर शाळेत गणित शिकवत. नुसते उत्तर बरोबर आले की त्यांचे समाधान होत नसे. "ताळा करून दाखव," असे ते म्हणत. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही ताळ्याचाच असावा, असे मला वाटले. आपण आज ज्या शहरात जमलो आहोत, त्या शहरात साठेक वर्षांपूर्वी संगणकशास्त्रातला एक मोलाचा ताळा झाला. इथल्या चिप-यंत्रांच्या उद्योगात आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी अनेक मराठी कुटुंबे न्यूनन, वेल्डहोव्हन या गावांत राहतात, पण ही हकिगत आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. ती आज मी सांगणार आहे.

आधी विषय समजून घेऊ. आपल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर एकाच वेळी पुष्कळ प्रोग्रॅम चालू असतात. प्रत्येक प्रोग्रॅम अशा समजुतीत चालतो, की समोरची सगळी मेमरी आपल्या एकट्याची आहे. बँकेचे ॲप आणि गाण्यांचे ॲप, दोघेही एकाच क्रमांकाचा पत्ता वापरू शकतात आणि तरी दोघांना तिथे वेगवेगळा मजकूर सापडतो. ही किमया ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची. कर्नल मेमरीची सारख्या आकाराची पाने करतो. बहुतेक यंत्रांत एक पान 4096 बाइटचे असते. कोणत्या प्रोग्रॅमचे कोणते पान खऱ्या मेमरीत कुठे आहे, त्याला तिथे फक्त वाचता येते की लिहिताही येते, या सगळ्याच्या नोंदी तो एका तक्त्यात ठेवतो. या तक्त्याला पेज टेबल म्हणतात आणि या जोडणीला मेमरी मॅपिंग.

गावाकडचे तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. कोणत्या गटावर कोणाचा हक्क, हे सातबाऱ्यावरून ठरते. प्रोसेसरला मात्र दर वेळी दप्तर उघडायला वेळ नसतो. म्हणून नुकत्याच पाहिलेल्या उताऱ्यांच्या नकला तो स्वतःजवळ ठेवतो. त्या साठ्याचे नाव टीएलबी. आता दप्तरात फेरफार झाला, पण कोणाच्या हातातली नक्कल जुनीच राहिली, तर काय होईल? ज्याने जमीन विकली, तोच तिच्यावर पुन्हा नांगर घालेल. आजच्या चिपमध्ये अनेक प्रोसेसर शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःच्या नकला असतात. दप्तर बदलले की त्या प्रत्येकाला सांगून जुनी नक्कल टाकून द्यायला लावणे हे कर्नलचे काम आहे. त्यात क्षणाचा जरी उशीर झाला, तरी एकाचा मजकूर दुसऱ्याच्या हाती लागू शकतो.

म्हणजे मेमरी मॅपिंग ही कर्नलने दिलेल्या अनेक वचनांची यादी आहे. एखादी फाइल मेमरीत जोडून घेतली आणि जोडणी 'खाजगी' असली, तर मी त्यात केलेला बदल मूळ फाइलपर्यंत पोचता कामा नये. जोडणी 'सामाईक' असली तर तो पोचलाच पाहिजे. फक्त वाचण्यासाठी दिलेल्या पानावर लिहायला गेलो, तर कर्नलने मला जागीच अडवले पाहिजे. फाइल संपते त्याच्या पलीकडच्या पानाला हात लावला, तर वेगळी सूचना मिळाली पाहिजे. फाइलचे शेवटचे पान अर्धेच भरले असेल, तर उरलेल्या अर्ध्यात शून्येच असली पाहिजेत, कारण तिथे दुसऱ्याच्या मजकुराचे अवशेष राहिले तर ती सरळ चोरी होते. जोडणी सोडून दिली, की तो पत्ता माझ्यासाठी मेला पाहिजे. एका प्रोग्रॅमने स्वतःची प्रत काढली, तर सुरुवातीला दोघांनी एकच पान वापरावे आणि कोणी लिहायला घेतल्याबरोबर त्याला वेगळे पान मिळावे.

यातले प्रत्येक वचन तपासायला एक छोटा प्रोग्रॅम पुरतो. कर्नलच्या चाचण्यांच्या संग्रहांत असे प्रोग्रॅम ढिगाने आहेत. ते मुद्दाम चुकीचा पत्ता मागतात, मुद्दाम बंदी असलेल्या पानावर लिहितात आणि कर्नलने अडवले की 'उत्तीर्ण' अशी नोंद करतात. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की ही वचने एकेकटी पाळणे सोपे असते. हजारो घटना एकमेकांत मिसळत असताना ती सगळी एकाच वेळी पाळायची असतात. हे संकट कसे आले आणि त्यावर उपाय काय, याचा विचार सर्वांत आधी ज्यांनी मुळापासून केला त्यांतले एक म्हणजे एड्सखर डायक्स्ट्रा.

डायक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी रॉटरडॅमला झाला. 1952 पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. लूप्स्ट्रा आणि शोल्टन या अभियंत्यांनी एक्स-1 हा संगणक आखला तेव्हा त्यात एक नवी सोय घातली. छापयंत्रासारखे एखादे जोडयंत्र मोकळे झाले, की ते प्रोसेसरचे चालू काम मध्येच थांबवू शकत असे. या सोयीला इंटरप्ट म्हणतात. त्यामुळे वेळ वाचणार होता, पण डायक्स्ट्रा यांना तिची धास्ती वाटली. तोवर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तीच चूक पुन्हा दिसे, आणि चूक शोधण्याची सगळी पद्धत यावरच उभी होती. इंटरप्ट नेमका कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच माहीत नसते. आज दिसलेली चूक उद्या दिसेलच असे नाही. अशा यंत्रावर हजार चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरी एक हजार एकाव्या वेळी काय होईल हे कोण सांगणार? काही काळ त्यांनी या सोयीला विरोध केला. मग तेच आव्हान अंगावर घेऊन त्यांनी एक्स-1 साठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि 1959 च्या आपल्या प्रबंधात तो मांडला.

1962 मध्ये ते आइंडहोव्हनच्या टेक्निशे होगेस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात, गणिताचे प्राध्यापक झाले. इथे इलेक्ट्रोलॉजिका कंपनीच्या एक्स-8 या संगणकासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तिला 'टीएचई' म्हणतात. गट सहा जणांचा होता आणि त्यांचाही सरासरी निम्माच वेळ या कामाला मिळे. ऑक्टोबर 1967 मध्ये अमेरिकेतल्या गॅटलिनबर्ग इथे भरलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमविषयीच्या पहिल्या परिसंवादात डायक्स्ट्रा यांनी हे काम मांडले. मे 1968 मध्ये त्यावरचा लेख छापून आला. लेख मोजक्याच पानांचा आहे, पण त्याने या विषयाची दिशा बदलली.

यंत्र कसे होते ते पाहा. मुख्य मेमरी 32 हजार शब्दांची आणि प्रत्येक शब्द 27 बिटांचा. तिच्या जोडीला फिरता चुंबकीय ड्रम, 512 हजार शब्दांचा, म्हणजे मुख्य मेमरीच्या सोळापट. मुख्य मेमरीचे एक चक्र अडीच मायक्रोसेकंदांत पुरे होई, तर ड्रमचा एक फेरा 40 मिलिसेकंदांचा. म्हणजे ड्रमच्या एका फेऱ्यात मुख्य मेमरीची सोळा हजार कामे व्हावीत, एवढे दोघांच्या वेगात अंतर. प्रोग्रॅम मोठे आणि मुख्य मेमरी लहान, तेव्हा माहितीची ये-जा अटळ होती. पानांची जोडणी करणारी आजच्यासारखी यंत्रसामग्री एक्स-8 मध्ये नव्हती. सगळी जोडणी सॉफ्टवेअरनेच करायची होती.

आइंडहोव्हनच्या गटाने मजकूर आणि जागा यांची फारकत केली. मजकुराच्या एककाला त्यांनी सेगमेंट म्हटले आणि जागेच्या एककाला पान. प्रोग्रॅम फक्त सेगमेंटच्या नावाने बोले. तो सेगमेंट या क्षणी मुख्य मेमरीत आहे, ड्रमवर आहे, दोन्हीकडे आहे की अजून रिकामाच आहे, याची नोंद सिस्टीम ठेवी. यातून एक मोठा फायदा झाला. मुख्य मेमरीतले पान ड्रमवर परत लिहिताना ते जिथून आले तिथेच लिहायची सक्ती उरली नाही. फिरत्या ड्रमवर जे रिकामे पान सर्वांत आधी समोर येईल, तिथे ते लिहून मोकळे होता येई. आज आपल्या खिशातला फोन जे करतो, त्यामागची मूळ कल्पना हीच आहे.

पण माझ्या दृष्टीने टीएचईचे खरे मोठेपण तिच्या चाचणीत आहे. सिस्टीम थरांनी बांधली होती. सर्वांत खालचा थर प्रोसेसर कोणाला द्यायचा ते ठरवी आणि घड्याळाचे इंटरप्ट हाताळी. हा थर एकदा उभा राहिला, की वरच्या कोणालाही प्रोसेसर किती आहेत आणि घड्याळाचे इंटरप्ट केव्हा येतात याचा विचार करावा लागत नसे. त्यावरचा थर सेगमेंटच्या नोंदी सांभाळी, म्हणजे मेमरीची जोडणी करी. त्याच्या वर कोणाला पान कुठे आहे याची पर्वा नव्हती. मग ऑपरेटरच्या संदेशांचा थर, मग छापयंत्रे आणि कागदी फितींचा थर आणि सर्वांत वर वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम.

चाचणीही याच क्रमाने झाली. आधी एकटा खालचा थर चालवून पाहिला. तो ज्या ज्या अवस्थांत असू शकतो, त्या सगळ्या अवस्थांत त्याला मुद्दाम नेऊन तपासला. मगच त्यावर मेमरीचा थर चढवला आणि त्याच्या सगळ्या अवस्था तपासल्या. यामागचे गणित सोपे पण निर्णायक आहे. समजा पाच थर आहेत आणि प्रत्येकाच्या दहा अवस्था आहेत. सगळे एकत्र कालवून तपासायचे, तर दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख प्रसंग तपासावे लागतील. थरागणिक तपासले, आणि खालच्या थराने दिलेले वचन वरच्याने निःशंक मानावे अशी रचना असली, तर पन्नास प्रसंग पुरतात. पन्नास माणसाला तपासता येतात. एक लाखांचे बहुधा नमुनेच तपासले जातात, आणि चूक नमुन्यात सापडली नाही की ती नाहीच असे आपण समजून चालतो.

ही रचना टिकावी म्हणून प्रक्रियांमधला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधला, समन्वय सेमाफोर या नव्या साधनाने केला होता, आणि प्रक्रिया एकमेकींना अडवून बसणार नाहीत याची सिद्धता आधी कागदावर केली होती. गटातले हाबरमान यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. पुढे ते अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राचे धुरीण झाले. निकाल काय लागला? डायक्स्ट्रा यांच्या लेखानुसार चाचणीत फक्त किरकोळ चुका निघाल्या, साधारण पाचशे सूचनांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडली. मेमरीच्या जोडणीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. तिथली एक चूक शोधायला आठवडे जातात. दहा मिनिटे हा आकडा अविश्वसनीय वाटतो, पण तो नशिबाने आलेला नव्हता. चूक कोणत्या थरात आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ती शोधायला वेळ लागतच नाही.

इथे मला जे सांगायचे आहे त्याचा पहिला भाग आला. चाचणी हे काम संपल्यावर जोडायचे शेपूट नाही. जी वस्तू तपासता येत नाही, ती मुळात तशी बांधूच नये. डायक्स्ट्रा यांचे मत पुढे जगभर पसरले, की चाचणीने चूक आहे एवढे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही. पुष्कळ लोक यावरून समजतात, की ते चाचणीला कमी लेखत. आइंडहोव्हनची हकिगत वेगळेच सांगते. प्रसंग मोजके असतील आणि ते सगळे तपासता येतील अशी रचना केली, तर चाचणीला सिद्धतेचे बळ येते.

पण 1968 च्या त्याच लेखात डायक्स्ट्रा यांनी गटाच्या दोन मोठ्या चुकाही मोकळेपणाने लिहिल्या आहेत. त्यातली एक अशी, की त्यांनी फार काळ 'निर्दोष यंत्र' गृहीत धरले. एखादे जोडयंत्र बिघडले तर काय करायचे याचा विचार उशिरा झाला आणि तो अपेक्षेपेक्षा फार जड गेला. हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे, कारण पुढच्या सगळ्या कथेचे बीज त्यात आहे.

आता ॲमस्टरडॅमला जाऊ. तिथल्या व्रैये विद्यापीठात ॲंड्र्यू टॅनेनबाउम हे मूळचे न्यूयॉर्कचे प्राध्यापक शिकवत. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या परवान्यामुळे तिचा कोड वर्गात शिकवणे बंद झाले, तेव्हा त्यांनी मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लिहिली आणि 1987 मध्ये पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध केली. तिचा मुख्य कोड पुस्तकातच छापलेला होता. मेमरी वाटणारा भाग कर्नलच्या बाहेर, एका वेगळ्या प्रक्रियेत ठेवला होता. रिकाम्या जागांची यादी करायची आणि पुरेशी मोठी असेल ती पहिली जागा द्यायची, इतके साधे धोरण. विद्यार्थ्याला तो भाग वाचता येई, बदलता येई, मोडून पाहता येई. फिनलंडमधला एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याच मिनिक्सवर शिकला आणि 1991 मध्ये त्याने लिनक्स या स्वतःच्या सिस्टीमची घोषणा केली. 1992 मध्ये टॅनेनबाउम यांनी त्याच्यावर टीका केली, की सगळे एकाच मोठ्या कर्नलमध्ये कोंबणे हे मागे जाणे आहे. लिनक्स वाढली, जगभर पसरली. तिच्या वेगाचे आणि उपयुक्ततेचे मोल मी जाणतो. पण आइंडहोव्हनचे ते गणित मोठ्या कर्नललाही चुकले नाही.

ऑक्टोबर 2016 मध्ये उघडकीस आलेली 'डर्टी काउ' ही चूक पाहा. खाजगी जोडणी असलेल्या पानावर लिहिले की आधी वेगळी प्रत व्हावी, हे वचन मी मघाशी सांगितले. इथे प्रोग्रॅमचा एक धागा, म्हणजे त्यात स्वतंत्रपणे चालणारे एक काम, लिहीत राहतो आणि त्याच वेळी दुसरा धागा कर्नलला सांगत राहतो, की माझी प्रत मला नको. दोघांची वेळ नेमकी जुळली तर प्रत टाकून दिली जाते आणि लिहिणे मूळ फाइलवर पडते, तीही फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर. साधा वापरकर्ता असे करून यंत्राचा मालक होऊ शकत होता. ही चूक 2007 पासून लिनक्समध्ये होती. टोरवाल्ड्स यांनी अशीच चूक 2016 च्या अकरा वर्षे आधी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या एका यंत्रावर अडचण आल्यामुळे ती दुरुस्ती मागे घेतली गेली, हे त्यांनी स्वतःच दुरुस्तीसोबत नोंदवले. लिहिण्याची क्रिया एकटी तपासा, बरोबर. प्रत टाकण्याची क्रिया एकटी तपासा, बरोबर. दोष दोघींच्या गुंफणीत होता. एक्स-1 च्या इंटरप्टमुळे डायक्स्ट्रा यांना जी धास्ती वाटली होती, ती हीच.

ॲमस्टरडॅमच्याच व्रैये विद्यापीठात पुढे व्हीयूसेक हा संशोधन गट उभा राहिला. हर्बर्ट बॉस, क्रिस्तियानो जुफ्रिदा, कावेह रझावी ही त्यातली त्या काळची ठळक नावे. या गटाने चाचणी आणखी एक पायरी खाली नेली. कर्नल ज्यावर विसंबून असतो, त्या यंत्राचीच त्यांनी परीक्षा घेतली.

मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे अगदी सूक्ष्म विद्युतभार. तो गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. चिप दाट होत गेल्या आणि 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की बिटांची एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले तर शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात. याला रोहॅमर म्हणतात. 2015 मध्ये गूगलच्या संशोधकांनी पेज टेबलमधलाच बिट उलटवून सगळ्या मेमरीवर ताबा मिळवून दाखवला. 2016 मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट सिद्ध केली. एकाच सर्व्हरवर दोन भाडेकरू असतील आणि त्यांच्या दोन पानांत हुबेहूब तोच मजकूर असेल, तर जागा वाचवायला कर्नल दोघांना एकच पान देतो. वचन असे, की कोणी लिहिले तर वेगळी प्रत होईल. पण रोहॅमरने बिट उलटवणे हे कर्नलच्या लेखी 'लिहिणे' नाहीच. ना कर्नलला अडवायची संधी मिळते, ना परवानगी तपासली जाते. शेजाऱ्याची सुरक्षा-किल्ली बदलते आणि कर्नलला पत्ताही लागत नाही. प्रतीच्या वचनाच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण, आणि वचन मात्र मोडलेले. त्याच वर्षी त्यांनी साध्या ॲपने, कोणतीही खास परवानगी न मागता, अँड्रॉइड फोनवर असाच ताबा मिळवून दाखवला.

उत्पादकांनी नव्या चिपमध्ये बचाव घातला आणि प्रश्न मिटला असे मानले गेले. 2020 मध्ये याच गटाने सहकाऱ्यांसह डीडीआर-4 जातीचे 42 मेमरी संच तपासले आणि त्यातल्या 13 संचांत बिट उलटवून दाखवले. जुन्या चाचण्या दोनच ओळींवर मारा करत होत्या. यांनी अनेक ओळींवर, वेगवेगळ्या क्रमाने मारा करून पाहिला. बचाव ज्या चाचण्या डोळ्यांपुढे ठेवून आखला होता, त्या चाचण्यांपुरताच तो पुरा पडला.

माझ्या सांगण्याचा दुसरा भाग हा. प्रत्येक चाचणी काही गृहीतकांवर उभी असते. डायक्स्ट्रा यांनी जे 'निर्दोष यंत्र' म्हटले, तेच गृहीतक अर्ध्या शतकानंतर पेज टेबलच्या मुळाशी निघाले. थरांची रचना योग्यच आहे, तिच्यावाचून काही तपासताच येणार नाही. पण सर्वांत खालच्या थराखालीही काहीतरी असते, आणि त्याची परीक्षा घेणारा दुसरा कोणी, दुसऱ्या दृष्टीने पाहणारा, हवाच. ज्याने बांधले त्याची गृहीतके त्याच्या चाचण्यांतही उतरतात. म्हणून बांधणारा आणि तपासणारा यांच्यात स्नेह असावा, पण दोघे एकच नसावेत.

या सभागृहात बसलेल्या अभियंत्यांना आणि पुण्या-नागपुरात, कोल्हापुरात शिकणाऱ्या तुमच्या भावंडांना माझे सांगणे आहे, की हे क्षेत्र कोणाच्या मालकीचे नाही. लिनक्सचा सगळा कोड खुला आहे. मेमरीच्या चाचण्या त्याच कोडमध्ये एका वेगळ्या विभागात ठेवलेल्या आहेत. साधा लॅपटॉप आणि चिकाटी एवढ्यावर त्या चालवता येतात, वाचता येतात, आणि त्यांत काय तपासलेले नाही ते शोधता येते. आपल्या महाविद्यालयांत पेज टेबलची आकृती काढायला शिकवतात आणि परीक्षेत ती बरोबर काढली की गुण मिळतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला कर्नलचे एक वचन नेमून द्यावे आणि ते मोडणारा प्रोग्रॅम लिहायला सांगावे. नाही मोडले, तर का मोडले नाही हे कारणासह लिहायला सांगावे. वर्षभरात त्याला कर्नल जेवढा कळेल, तेवढा दहा आकृत्यांनी कळणार नाही.

आणि नोकरीत असणाऱ्यांनी प्रत्येक नव्या रचनेच्या बैठकीत, कोड लिहायच्या आधी, दोन प्रश्न मोठ्याने विचारावेत. हे चुकले तर ते आपल्याला कशावरून कळेल? आणि आपण काय न तपासता खरे मानले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत रचना बदलत राहावी. दुसऱ्याचे उत्तर लिहून ठेवावे आणि आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाच्या हाती द्यावे. आज रुग्णालये, रेल्वे, बँका आणि निवडणुकांच्या याद्या या कर्नलच्या वचनांवर चालतात. ती वचने तपासणारी माणसे आपल्यातून मोठ्या संख्येने तयार व्हावीत, एवढीच माझी इच्छा आहे.